आषाढात हुरूप आणायचा कुठून?

"पहाटे पाचला उठायचं, आरशासमोर उभं राहायचं आणि दहा वेळा म्हणायचं, माझा धंदा वाढतोय," बाळ्या सांगत होता. कोल्हापूरचं दोन दिवसांचं शिबिर करून आल्यापासून तो माइंडसेटशिवाय बोलत नाही. दुकानात खाजा आणि काजूच्या बरण्यांच्या वर मोठा तक्ता लावलाय, त्यावर पुढच्या पाच वर्षांचे आकडे.

"आणि मग?" ताईंनी विचारलं.

"मग काय, एनर्जी येते."

"दुकान कितीला उघडतोस?"

"साडेदहा."

"म्हणजे साडेपाच तास ती एनर्जी घरातच फिरते."

वेंगुर्ल्याच्या बाजारातला कट्टा, वर पत्र्यावर पाऊस, समोर चहा. ताईंचा कोकमाचा कारखाना मागच्याच गल्लीत. पक्या म्हणजे आमचा होमस्टेवाला, पावसात त्याचं सगळंच बंद. तो म्हणाला, "आषाढात कुणाचंच मन लागत नाही हो. गिऱ्हाईक नाही, पाण्यात कुणाला उतरवता येत नाही, दुपारी लाइट जाते. सरळ झोपावं, चतुर्थीला उठावं."

आबा खवळले. आयुष्य बोटीवर गेलेला माणूस. "मेल्या, एक जून ते एकतीस जुलै बोटी बंद, म्हणून नाखवो झोपता काय? जाळी कोण शिवतलो? इंजिन खोलूक व्हया, बोटीक रंग लावक व्हयो. एक ऑगस्टाक पयली बोट भायर पडता ती पावसात काम केलेल्याची."

"बोटीचं वेगळं, आबा. मला दुकानात बसून जांभया येतात, त्याचं काय?" बाळ्या म्हणाला.

"त्या पावसाने येत नाहीत," ताई म्हणाल्या. "हातात पैसा नसतो म्हणून येतात. कोकमाची फळं, रातांबे, एप्रिल-मेमध्ये रोखीने घ्यावे लागतात. काजू बी तेव्हाच, आंब्याचा पल्प तेव्हाच. सगळी रोकड पिंपांत आणि डब्यांत जाऊन बसते, ती मोकळी होते चतुर्थीला, चाकरमानी आले की. मधले महिने गल्ला रिकामा. रिकाम्या गल्ल्यासमोर दिवसभर बसलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. मग तो शिबिराला जातो."

बाळ्या सोडून सगळे हसले.

ताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. आपल्याकडे धंदेवाल्याला आळशी म्हणणारे पुष्कळ, त्याच्या वर्षाचं गणित मांडून देणारे थोडे. त्यांनी चहाच्या बिलामागे दोन ओळी मारल्या. वर येणं, खाली देणं, बारा महिन्यांची बारा घरं. "जून ते ऑगस्टचा ठरलेला खर्च आधी लिही. कामाच्या बायकांचा पगार, लाइटबिल, कर्जाचा हप्ता, पॅकिंगचं सामान. बेरीज कर. मेच्या विक्रीतून तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाक आणि उरेल त्यातच रातांबे घे. आपले लोक उलटं करतात, आधी सगळे पैसे मालात घालतात. २०२५ आठवतं ना? २५ मेला मान्सून देवगडात. उशिरा पिकणारे रातांबे झाडावरच गेले. जो सगळी रोकड घालून बसला, त्याच्याकडे ना माल ना पैसा."

"आणि घरखर्च?" पक्याने विचारलं.

"दर महिन्याच्या पाच तारखेला धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात एकच ठरलेली रक्कम. तो तुझा पगार. गल्ल्यातून रोज पाचशे-पाचशे उचलशील तर धंदा चालतोय की घर त्याला खातंय, हे वर्षभर कळणार नाही."

बाळ्याने परत डोकं वर काढलं. "हे सगळं बरोबर, पण व्हिजन पाहिजे ना? सकाळी उठून कशासाठी धावायचं?"

"आमसुलं तपासायला."

त्यांनी तपासणी सांगितली ती अशी. आमसुलाला मिठाच्या रसाची पुटं दिलेली असतात. पावसात हवेतला ओलावा ते मीठ ओढून घेतं आणि आमसूल पाझरायला लागतं. दर आठवड्याला प्रत्येक पिंपातून एक मूठ काढायची, दाबायची, सोडायची. सुटं झालं तर ठीक, गोळा राहिला तर ते पिंप आधी विकायचं किंवा ड्रायरला लावायचं. अमृत कोकमाचा पाक साखरेचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर बघायचा, ६५ ब्रिक्सच्या खाली गेलेला भरायचा नाही. पातळ पाक किंवा आतून ओली राहिलेली बाटली आंबते, आणि झाकण उडतं ते मुंबईला गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात. पाऊच बंद करायच्या यंत्राचा टेफ्लॉनचा पट्टा काळा पडून चिरला की सीलला सुरकुती येते, त्या सुरकुतीतून हवा शिरते. दोन पट्टे जादा ठेवायचे. दर घाण्यातला एक पाऊच पाण्याखाली दाबून बघायचा, बुडबुडा आला की यंत्र थांबवायचं. लाइट दुपारी जाते, म्हणून सीलिंग सकाळी अकराच्या आत. लेबलं, वही, फोन दुपारी.

"रात्री दुकान बंद करताना उद्याचं पहिलं काम कागदावर लिहून गल्ल्यात ठेवायचं. एकच. सकाळी मूड आहे का, विचारायला वेळच मिळत नाही."

आबांनी मान डोलावली. "ह्येका म्हणतत काम."

"फोन कसले दुपारी?" पक्या.

"उधारीचे. दर मंगळवारी, सर्वांत जुनी उधारी पहिली. आधी खातेउतारा वॉट्सॲपवर पाठवायचा, अर्ध्या तासाने फोन. 'कधी देताय' असं विचारायचं नाही, समोरचा 'बघतो' म्हणून मोकळा होतो. 'बुधवारी देताय की शुक्रवारी?' असं विचारायचं. मोठा व्यापारी असेल तर कायदा माहीत हवा. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. आणि २०२४-२५ च्या आकारणी वर्षापासून असं आहे की, या मुदतीत पैसे दिले नाहीत तर ज्या वर्षी देईल त्याच वर्षी त्याला तो खर्च आयकरात दाखवता येतो. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन केला की पैसे लवकर येतात."

"मग मी पण माझ्या उधारीवाल्यांना हेच सांगतो!" बाळ्या उठूनच उभा राहिला.

"तू माल बनवत नाहीस, घेऊन विकतोस. व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी होते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. हा कायदा तुझ्या कामाचा नाही."

"बघा, हे नेहमीचंच. जत्रेतसुद्धा माझा खाज्याचा स्टॉल जनरेटरच्या शेजारी दिला होता. आबाच होते जागा वाटायला."

"तू उशिरा इलंस!" आबा म्हणाले. "सगळ्यांनी सकाळी जागा घेतली, तू दशावताराच्या टायमाक पोचलंस."

"डिझेलच्या वासाचा खाजा," पक्या म्हणाला. "रात्रभर लोक विचारत होते, आल्याचा आहे की राजकोटच्या डिझेल इंजिनाचा."

त्यावर पाच मिनिटं गोंधळ. गाडी जत्रेवरून भजनाच्या बारीवर गेली, बारीवरून पक्याच्या होमस्टेच्या गळक्या छपरावर. पावसात कौलं बदलायची नाहीत तर मग कधी, यावर आबा आणि पक्या एकमेकांच्या अंगावर आले. ताई छत्री उचलून निघाल्या आणि दोन पावलं जाऊन परत फिरल्या.

"बाळ्या, आज मंगळवार आहे."

"हो."

"शिमग्याला अमृत कोकमाच्या दोन पेट्या नेल्यास. उतारा दुपारी पाठवलाय. बुधवारी देतोस की शुक्रवारी?"

बाळ्याने फोन काढून बघितला, परत खिशात टाकला. "शुक्रवारी."

"खंयच्या शुक्रवारी," आबा ओरडले, "ता लिवन घे गो!"