लिव्हर कॅन्सरच्या नावाखाली वरण बंद करू नका

‘प्रोटीन खाल्ल्यानेच लिव्हर कॅन्सरची गाठ वाढते, डॉक्टर हे सांगत नाहीत’ असा लांबलचक मेसेज सध्या नागपुरातल्या कॉलनीच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्यातले मुद्दे पाच. डाळ, अंडी, दूध बंद करा. एएफपी (यकृताच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल आली की कॅन्सर नाही. तुकडा काढायला गाठीत सुई टोचली की कॅन्सर पसरतो. गुळवेलीचा काढा रोज घ्या. आणि दारू न पिणाऱ्याला हा आजार होतच नाही. हा मेसेज वाचून ओळखीच्या एका घरी सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) झालेल्या काकांचं वरण बंद झालं. ताटात उरली लवकीची भाजी आणि दोन पोळ्या. आता मात्र गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. यकृताच्या कॅन्सरमध्ये पेशींमधल्या प्रथिनांचा हात असतो, एवढं त्यात खरं आहे. बिघडलेल्या पेशीला थांबवणारं पी-53 निकामी होतं. बीटा-कॅटेनिन वेळेवर मोडीत निघत नाही, साचत जातं आणि पेशीला वाढीचा हुकूम देत राहतं. ग्लिपिकॅन-3 हे गर्भाच्या यकृतात असतं, निरोगी मोठ्या माणसाच्या यकृतात जवळपास नसतं, पण बहुतेक गाठींमध्ये पुन्हा दिसू लागतं. गाठीच्या तुकड्यात सीके-19 नावाचं प्रथिन सापडलं तर ती काढल्यावरही परतण्याची भीती जास्त असते. पण ही सगळी प्रथिनं पेशी स्वतःच्या जनुकांवरून स्वतः बनवते, आणि बिघाड त्या जनुकांत किंवा त्यांच्या नियंत्रणात असतो. तुरीच्या डाळीतलं प्रथिन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत तुटतं. ते पी-53 बिघडवत नाही आणि ग्लिपिकॅन वाढवत नाही. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

यकृताची भूल म्हणजे हिपॅटिक एन्सेफॅलोपथी, यकृत थकल्याने मेंदूवर येणारी गुंगी, आली की पूर्वी डॉक्टरही प्रथिनं तोडायला सांगत, हे कबूल करायला हवं. तो सल्ला मोडीत निघाला त्यामागे बार्सिलोनातली 2004 ची चाचणी मोठं कारण आहे. भूल आलेल्या 30 सिरोसिस रुग्णांपैकी काहींना पहिल्या दिवसापासून वजनाच्या किलोमागे 1.2 ग्रॅम प्रथिनं दिली, बाकीच्यांना सुरुवातीला शून्य आणि मग हळूहळू वाढवत. भूल उतरण्यात फरक पडला नाही. उलट, प्रथिनं तोडलेल्यांच्या शरीरातलं प्रथिन जास्त झिजलं. झिजतो तो मुख्यतः स्नायू. यकृत थकलं की रक्तातला अमोनिया निस्तरण्याचं बरंच काम हाच स्नायू करतो. तो गेला की भूल पुन्हा येते, आणि गाठीवरचे उपचार सोसण्याची ताकदही जाते.

म्हणून आज सिरोसिसमध्ये किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं सांगितली जातात. 60 किलोच्या माणसाला किमान 72 ग्रॅम. दोन अंडी 12, दोन ग्लास दूध 13, दोन वाट्या घट्ट वरण 13, सहा पोळ्या 18, वाटीभर दही 5, मूठभर फुटाणे 6. बेरीज 67. एवढं खाऊनही आकडा पुरा होत नाही, आणि हे लोक वरणाची वाटी उचलायला निघालेत! झोपण्याआधी काहीतरी खायलाच हवं, दूध-पोळी किंवा फुटाणे. सिरोसिसमध्ये रात्रभराचा उपास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणाएवढा भारी पडतो. पोटात पाणी असेल तर कमी करायचं ते मीठ: लोणचं, पापड, सावजीचा रस्सा. रुग्ण सुस्तावला, असंबद्ध बोलू लागला, पुढे धरलेले हात फडफडू लागले, तर घरी बसून आहाराचे प्रयोग करू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. बद्धकोष्ठ, संसर्ग, रक्तस्राव की झोपेची गोळी, कारण तिथे शोधतील. पूर्ण शुद्धीवर नसलेल्याला तोंडाने भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो.

एएफपी नॉर्मल म्हणून निश्चिंत राहणं तितकंच चूक. साधारण तिसरा हिस्सा रुग्णांत ती वाढतच नाही. उलट गरोदरपणात आणि काविळीच्या उसळीत कॅन्सर नसतानाही वाढते. सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच, एएफपी तिच्या जोडीला. दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, कारण कुणी नॅनोग्रॅममध्ये देतं, कुणी इंटरनॅशनल युनिटमध्ये, आणि लोक आकडे तसेच ताडून घाबरतात.

सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात, हे खरं. शंभरात दोन-तीन जणांत असं होतं. पण सिरोसिसमध्ये बहुतेकदा सुईची गरजच पडत नाही. तीन टप्प्यांच्या सीटी किंवा एमआरआयमध्ये शिरेतून दिलेल्या रंगाने गाठ आधी उजळते, मग तो रंग सोडते, तेवढ्यावर निदान होतं. सुई सुचवली असेल तर त्यामागचं कारण डॉक्टरांना विचारा.

गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्येच नोंदवले आहेत. आधीच आजारी यकृतावर हा प्रयोग नको.

दारूचं म्हणाल, तर हिपॅटायटिस बी, सी, मधुमेह आणि लठ्ठपणातलं फॅटी लिव्हर, बुरशी धरलेले शेंगदाणे यांमुळेही हा कॅन्सर होतो, दारूचा थेंब न घेणाऱ्यांनाही. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष पी-53 चंच जनुक एका ठरावीक जागी बिघडवतं, आणि दाणे भाजल्याने ते पुरतं जात नाही. काळे, कडवट दाणे फेकून द्या. घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर सगळ्यांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) करा. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांनी 0, 1 आणि 6 महिन्यांचे तीन डोस घ्यावेत. 2018 पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी व औषधं सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.