जमिनीखाली अथांग पाणी नाही: दर उन्हाळ्यात फिरणाऱ्या एका मजकुराचा प्रतिवाद

उन्हाळा लागला, की गावोगावच्या मोबाइल गटांवर एक मजकूर दरवर्षी थोड्याफार फरकाने फिरू लागतो. त्याचे सार असे: डायनासोरच्या काळी पृथ्वीवर जेवढे पाणी होते तेवढेच आजही आहे, तेव्हा पाणी संपेल ही भीती खोटी आहे, जमिनीच्या पोटात अथांग साठे आहेत, फक्त पुरेसे खोल जायला हवे, एक चांगला पावसाळा झाला की उपसलेले सगळे भरून निघते, आपल्या रानाखालचे पाणी आपल्या मालकीचे आहे, आणि ते आपण उपसले नाही तर शेजारी उपसणारच, शेततळे आणि ठिबक केले की आपले काम झाले, उरलेली बचत शहरांनी करावी. हा मजकूर वाचून कर्ज काढणारी आणि बोअरची गाडी बोलावणारी माणसे आहेत, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही. पुढील उत्तर प्रामुख्याने दख्खनच्या काळ्या खडकाला लागू आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भूभाग याच खडकाने व्यापलेला असल्यामुळे ते बहुतेक वाचकांच्या गावाला लागू पडेल.

डायनासोरचा मुद्दा लवकर संपणारा आहे. पृथ्वीवरचे एकूण पाणी जवळपास स्थिर आहे, हे खरे. परंतु त्यातले सुमारे ९७.५ टक्के खारे आहे आणि उरलेल्या गोड्या पाण्यातला दोनतृतीयांशाहून अधिक भाग बर्फात गोठलेला आहे. एप्रिल महिन्यात परांड्याच्या किंवा जतच्या विहिरीला किती पाणी आहे, याचे उत्तर पृथ्वीवरच्या एकूण पाण्याच्या आकड्यात सापडत नाही. पाण्याचे चक्र अखंड चालू असते. आपल्या गावाच्या वाट्याला त्यातले किती, कोणत्या महिन्यात आणि किती खोलीवर येते, एवढाच प्रश्न आपल्यापुढे असतो.

दुसरा दावा, म्हणजे पुरेसे खोल गेले की पाणी लागतेच, हा सर्वांत महागात पडणारा आहे. आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या थरांतून तयार झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहिला, त्याला शेतकरी मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट, अखंड पाषाण झाला. काही ठिकाणी दोन थरांमध्ये लाल गेरूचा पट्टा आढळतो. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या परस्परांना जोडलेल्या पोकळ्यांत आणि खडकाच्या भेगांत. घट्ट पाषाणात पाणी साठायला जागाच नसते. हवापाण्याने झिजलेला, भेगाळलेला भाग बहुतेक ठिकाणी वरच्या १५ ते २० मीटरांतच असतो, आणि आपल्या पूर्वजांच्या विहिरी जेवढ्या परस (पुरुषभर उंचीचे माप) खोल जात त्याचे कारणही हेच आहे. त्याखाली भेगा असतात, पण खोली वाढत जाते तशा त्या विरळ आणि अरुंद होत जातात. म्हणून एकाच्या बोअरला पाणी लागते आणि पन्नास फुटांवरचे दुसरे कोरडे जाते. नारळ किंवा काडी हातात धरून जागा दाखवणारा पाणाडी यात काहीही बदल करू शकत नाही.

या खडकात पाणी मावते तरी किती, हे मोजता येते. भूजलाचा अंदाज घेण्यासाठी केंद्र शासनाच्या समितीने १९९७ साली जी पद्धत घालून दिली, तिच्यात झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या बसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची, विशिष्ट उत्पन्नक्षमता (भरलेल्या खडकाच्या आकारमानाच्या जेवढे टक्के पाणी हाती येते ते प्रमाण) सुमारे २ टक्के धरली आहे. वाळूच्या गाळासाठी हाच आकडा १६ टक्के आहे. याचा अर्थ, दहा मीटर जाडीचा पाण्याने पूर्ण भरलेला खडक रिकामा केला तरी हाती येते ते २० सेंटिमीटर उंचीचे पाणी, म्हणजे एका एकरामागे सुमारे ८ लाख लिटर. उत्तरेच्या मैदानातल्या गाळाशी आपल्या मुरमाची बरोबरी करून 'पंजाबात पाणी लागते, मग इथे का नाही' असे विचारणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आणखी खाली कुठे तरी एखादी भेग सापडलीच, तर तिच्यातले पाणी वरच्या पाण्यासारखे दरवर्षी बदलत नाही. ते पावसाने फार सावकाश भरते आणि खडकाच्या सहवासात अधिक काळ राहिल्यामुळे त्यात क्षार अधिक विरघळलेले असू शकतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांना फ्लोराइडयुक्त भूजलाचा त्रास किती वर्षे सोसावा लागला, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. अकोला, अमरावती आणि बुलडाण्यातील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर गाळ आहे, गाळात पाणीही आहे, पण ते प्यायला आणि बहुतेक पिकांना चालत नाही. पाणी लागणे आणि पाणी उपयोगी पडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

'एका पावसाळ्यात सगळे भरून निघते' या वाक्यात थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच ते अधिक फसवे आहे. वरचा उथळ साठा लहान असल्यामुळे बऱ्या पावसात तो खरोखरच लवकर भरतो. विहीर सप्टेंबरात काठोकाठ दिसते ती त्यामुळेच. परंतु जो साठा लवकर भरतो तो लवकर संपतोही, आणि एका वर्षाची शिल्लक दुसऱ्या वर्षात फारशी नेऊ शकत नाही. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे अपुरे गेले, तेव्हा मराठवाड्याची अवस्था काय झाली ते आपण पाहिले आहे: मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा पुन्हा भरले, आणि दुष्काळाच्या धड्याची चर्चाही त्यासोबत थांबली.

भरून निघते ते किती, हेही पाहू. १९९७ च्या त्याच पद्धतीप्रमाणे झिजलेल्या बसाल्टमध्ये पावसाच्या सुमारे ७ टक्के पाणी जमिनीत मुरते असे धरतात. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात हे सुमारे ४९ मिलिमीटर होते, म्हणजे एकरी जवळपास २ लाख लिटर. उसाला हंगामभरात दोन मीटर उंचीचे पाणी द्यावे लागते असे धरले, तर एका एकराला सुमारे ८० लाख लिटर लागतील. यातले काही पाणी पुन्हा जमिनीत झिरपते, कालवा किंवा तलाव जवळ असेल तर मुरण्याचे प्रमाणही वाढते, आणि मांजऱ्या खडक असेल तर ७ ऐवजी १३ टक्के धरतात. या सगळ्या सवलती दिल्या तरी केवळ विहीर-बोअरवर उभ्या असलेल्या एका एकर उसामागे कित्येक एकरांवरचे मुरलेले पाणी खर्ची पडते, हा निष्कर्ष बदलत नाही. ते कित्येक एकर एकाच खातेदाराचे नसतात.

इथेच मालकीचा प्रश्न येतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतले, ठरावीक प्रवाहात न वाहणारे भूजल काढण्याची मुभा दिली, आणि 'माझी जमीन, माझे पाणी' ही समजूत त्यावर पोसली गेली. तो कायदा झाला तेव्हा पाणी मोटेने आणि बैलांनी काढले जाई. एका दिवसात काढता येणाऱ्या पाण्याला जनावरांच्या ताकदीची मर्यादा होती. सबमर्सिबल मोटरने ती मर्यादा पुसून टाकली, पण खडक तोच राहिला. जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, सातबाऱ्याच्या हद्दी पाळत नाही. एका रानातल्या पाचशे फुटी बोअरने वरच्या थरातले पाणी भेगांवाटे खाली ओढले, की शेजारच्या चाळीस फुटी विहिरीचे झरे आटतात. नदीचेही तसेच आहे. पावसाळा संपल्यावर आपल्या ओढ्यानाल्यांत जे पाणी वाहत राहते ते याच उथळ साठ्यातून बाहेर पडलेले असते, म्हणून डिसेंबरात कोरड्या पडणाऱ्या नद्यांचे कारण शोधताना केवळ पर्जन्यमापक पाहणे पुरेसे नाही, त्या खोऱ्यातला उपसाही पाहायला हवा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ या कायद्याने शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांत शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली आहे. मराठवाड्यात आठशे आणि हजार फुटांच्या बोअरच्या गोष्टी उघडपणे सांगितल्या जातात, यावरून त्या तरतुदीचा अंमल किती झाला ते दिसते.

'मी थांबलो तरी शेजारी उपसणारच' हा त्या मजकुरातला सर्वांत प्रामाणिक मुद्दा आहे. एकट्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर तो बरोबरही आहे: मी मोटर बंद ठेवली, तर वाचलेले पाणी माझ्यासाठी राहीलच याची हमी कोणीही देत नाही. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि बाग वाळायला लागली आहे, त्याला संयमाचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. पण या मुद्द्यातून निघणारा निष्कर्ष अधिक खोल बोअर हा नाही. सर्वांनी मिळून पाळायचा नियम हा आहे. असा नियम अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्रानेच उत्तर देऊन ठेवले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची मांडणी केली, तिच्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवला: माणशी अर्ध्या एकराचे पाणी, तेही कमाल मर्यादेत, भूमिहीनालाही हक्क, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जाणार नाही, आणि उसाला बंदी. पाणी आणि जमीन यांची मालकी वेगळी करणारा हा विचार पन्नास वर्षांपूर्वी, एका अवर्षणप्रवण तालुक्यात, शेतकऱ्यांनी स्वीकारून दाखवला.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने तीच दिशा भूजलापुरती अधिक पुढे नेली. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्या गावाने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, ऊस आणि केळी यांसारखी पिके वर्ज्य केली आणि दरवर्षी पावसाळा संपल्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी काय आहे, हे मोजायचे. माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी आधी वेगळे काढायचे. उरेल त्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवायचे. पाऊस कमी असेल तर क्षेत्र कमी करायचे. चर खणणे आणि झाडे लावणे अनेक गावांनी केले. उपशावर मर्यादा घालण्याचे काम फार थोड्यांनी केले, आणि माझ्या मते हिवरे बाजारचे वेगळेपण त्यात आहे.

शेततळ्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. रानातून वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवणे हा शेततळ्याचा मूळ हेतू, आणि तो चांगला आहे. परंतु प्लास्टिक अंथरलेली असंख्य तळी आज विहिरीतून आणि बोअरमधून उपसून भरली जातात. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवणे याला साठवण म्हणता येत नाही. आपल्या पठारी भागात उघड्या पाण्यातून वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक पाण्याची वाफ होते. ३० मीटर लांब आणि तेवढेच रुंद तळे वर्षभर काठापर्यंत भरलेले ठेवले, तर साडेतेरा लाख लिटर पाणी पिकाला न मिळता हवेत जाते. वर काढलेल्या हिशेबाने हे जवळपास सात एकरांत मुरलेले पाणी आहे. शिवाय तळे भरून घेण्याची शर्यत हिवाळ्यातच सुरू होते, आणि ज्याच्याकडे तळे नाही त्याची विहीर मार्चऐवजी जानेवारीत आटते. ठिबकने एकरी पाणी निश्चित वाचते. मात्र त्या वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर बागायत केली, तर गावाचा एकूण उपसा होता तेवढाच राहतो, किंवा वाढतो.

शहरांनी बचत करावी, हे म्हणणे योग्यच आहे; धरणाचे पाणी पिऊन सांडपाणी न शुद्ध करता नदीत सोडणारी शहरे या दोषातून सुटत नाहीत, आणि मोठ्या गृहसंकुलांचे बोअरही त्याच खडकात उतरलेले आहेत. पण देशात उपसल्या जाणाऱ्या भूजलापैकी सुमारे ८७ टक्के सिंचनाला जाते, तर ग्रामीण भागाचे सुमारे ८५ टक्के पिण्याचे पाणी भूजलावर अवलंबून आहे. म्हणजे गावाच्या भूजलाचा मुख्य वापर आणि त्या भूजलाची मुख्य तहान, दोन्ही गावातच आहेत. उपसा वाढला की सर्वांत आधी आटते ती गावची सार्वजनिक विहीर, कारण ती सर्वांत उथळ असते, आणि तिच्यावर विसंबून असतात ती ज्यांना बोअर परवडत नाही अशी कुटुंबे. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, अशी तरतूद १९९३ पासून महाराष्ट्राच्या कायद्यात आहे. आपल्या गावाच्या स्रोताभोवती या अंतरात किती बोअर आहेत आणि त्यांतल्या किती जणांनी परवानगी घेतली होती, ही माहिती येत्या ग्रामसभेत मागता येते.