मुलांना न शिकवता शाळा नामांकित कशी करावी

अभिनंदन! शाळा तुमच्या हाती आली आहे आणि तुम्हाला तिचा निकाल वाढवायचा आहे. हेतू उत्तमच. फक्त त्या नादात शिक्षणावरचं संशोधन वाचायला बसू नका. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत ते ढिगानं झालंय आणि त्यातलं बरंचसं संस्थाचालकांच्या दृष्टीनं फार गैरसोयीचं आहे. ज्या गोष्टींनी मुलं शिकतात, त्यांतली जवळजवळ एकही उद्घाटन करण्याजोगी नाही. शिक्षक प्रश्न विचारून तीन सेकंद गप्प उभा राहिला, याला फीत कुठे बांधणार?

ते तीन सेकंदांचं प्रकरण आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही सावध व्हाल. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी थांबत होते सरासरी एक सेकंद. लगेच दुसऱ्याचं नाव पुकारायचं, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हायचं. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला, तर मुलं लांब उत्तरं देऊ लागली, 'येत नाही' म्हणणं कमी झालं, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. खर्च शून्य. म्हणजेच मंजुरीसाठी ठेवण्याजोगा प्रस्तावच नाही. शिवाय व्हरांड्यातून जाणाऱ्याला तीन सेकंदांची शांतता म्हणजे वर्ग बंद पडल्यासारखी वाटते. त्यापेक्षा आपली जुनी रीत बरी. "या क्रियेला काय म्हणतात? प्रकाश...?" आणि साठ गळ्यांतून एकदम "संश्लेऽऽषण!" तपासणीला आलेले साहेब मान डोलावत पुढे जातात. अर्धा शब्द शिक्षकाचा आणि अर्धा मुलांचा, म्हणजे सहभागही झाला.

आता स्मरणाकडे वळू. इथे फार जपून. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार फेऱ्यांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७१. आठवड्यानं विचारलं तर वाचणारे ४० वर आले होते आणि लिहिणारे ६१ वर. यातली सगळ्यात गोड गोष्ट अशी, की 'आठवड्यानंतरही मला बरंच आठवेल' हा आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

तुमच्या लक्षात आलंच असेल, तुम्हाला ती पहिली पाच मिनिटं हवी आहेत. तेव्हा घटक संपला की दुसऱ्याच दिवशी चाचणी उरकून घ्या आणि पुढे तो घटक वर्षअखेरीपर्यंत बाहेर काढू नका. मधूनच, गुण न देता, 'गेल्या महिन्यातलं काय आठवतंय ते लिहा' असं सांगणाऱ्या शिक्षकाला समज द्या. गुण नाहीत तर ती चाचणी कसली? आणि पालकांना सांगा, पाल्य पुस्तक उघडून बसला आहे ना एवढं बघा. पुस्तक मिटून, डोकं खाजवत, चुकतमाकत लिहिणारा मुलगा फार वाईट दिसतो. घरच्यांना वाटतं, याला काही येत नाही. पाच रंगांनी अधोरेखित केलेलं पुस्तक मात्र पाहुण्यांनाही दाखवता येतं.

(उजळणी मध्ये दिवस सोडून करावी, हे हर्मन एबिंगहाउसनं स्वतःच निरर्थक अक्षरं पाठ करकरून १८८५ मध्ये छापलं होतं. ही बातमी अजून बऱ्याच वेळापत्रकांपर्यंत पोचलेली नाही. तुम्ही कशाला घाई करता?)

गणिताचंही तेच. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ सालच्या प्रयोगात घनफळाची चार प्रकारची उदाहरणं होती. एका गटाला एकेका प्रकारची सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सरावात सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिसळवाल्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत सलगवाले २० वर, मिसळवाले ६३ वर. कारण उघड आहे: वरच्या सातही उदाहरणांना जे सूत्र लागलं तेच आठव्याला लागणार, हे कळायला गणित यावं लागत नाही. आणि परीक्षेत उदाहरणावर सूत्राचं नाव लिहिलेलं नसतं. पण तुम्ही स्वाध्याय एका प्रकारचेच ठेवा. वह्या बरोबरच्या खुणांनी भरून जातील, पालकसभेत त्या मांडून ठेवता येतील, आणि परीक्षेत मुलं गोंधळली तर 'घरी सराव कमी पडला' हे वाक्य तयार आहेच.

वह्यांवरून आठवलं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये मुलांचे तीन गट केले. एका गटाच्या कामावर फक्त गुण दिले, दुसऱ्याच्या कामावर काय जमलं आणि काय नाही हे सांगणारा शेरा, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या खेपेला सुधारला तो शेऱ्याचा गट. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काही लाभ झाला नाही, ते गुणवाल्यांच्याच पंक्तीला बसले. साहजिक आहे, गुण दिसल्यावर खालचा मजकूर कोण वाचतो? त्यामुळे आपल्याकडे दोन्ही सक्तीचं असू द्या. शिक्षक रात्री जागून शेरे लिहितील, तुम्ही त्यांवर सही कराल, मुलं शेजाऱ्याचे गुण बघतील, आणि एवढी मेहनत होऊनही कुणाच्या अभ्यासाला धक्का लागणार नाही. शेरेही निवडक ठेवा: 'बरा', 'प्रयत्न वाढवा', 'लक्ष द्या'. कशाकडे लक्ष द्यायचं ते लिहिलं, तर एखादा खरंच देईल.

पडदे, टॅबलेट, डिजिटल वर्ग यांबद्दल मी फार सांगायला नको, ते तुम्ही माझा लेख वाचायच्या आधीच मागवले असतील. पेरूच्या ग्रामीण भागात तीनशेवर शाळांत एक चाचणी झाली. काही शाळांतल्या मुलांना लॅपटॉप दिले, काहींतल्या दिले नाहीत. मुलांचा संगणकाचा वापर वाढला. गणित आणि भाषा जागच्या जागी राहिले. पण छायाचित्रात गणित दिसत नाही आणि लॅपटॉप दिसतो, हा मुद्दा त्या संशोधकांच्या लक्षात आला नसावा. उलट चीनच्या ग्रामीण शाळांत दृष्टिदोष असलेल्या मुलांना नुसते मोफत चष्मे दिले, तर गणिताचे गुण वाढले. चष्मा! मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसतो का, हे विचारणं संस्थेच्या ध्येयधोरणात कुठे बसवायचं?

त्याऐवजी शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवा. विषय: प्रत्येक मुलाची शिकण्याची शैली. कोण डोळ्यांनी शिकतो, कोण कानांनी, कोण हातांनी. चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये यावरचे अभ्यास धुंडाळले आणि शैलीनुसार शिकवल्यानं फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही, असं लिहिलं. हरकत नाही. मुलांच्या छातीवर तीन रंगांचे बिल्ले मात्र फार शोभून दिसतात.

एवढं करूनही निकाल हलला नाही, तर घाबरू नका. निकाल हा एक अपूर्णांक असतो. अंश वाढवायचा तर कच्च्या मुलांना घेऊन बसावं लागतं, त्यांचं नेमकं कुठे अडतंय ते शोधावं लागतं, मागच्या इयत्तेपर्यंत मागे जावं लागतं. वर्षानुवर्षं जातात. छेद एका दुपारी कमी होतो. कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून घ्या, खुर्ची द्या, आणि 'याला आमच्याकडचा ताण झेपत नाही, याच्याच भल्यासाठी सांगतो' असं हळव्या आवाजात म्हणा. दाखला तयार ठेवलेला असावा. डोनल्ड कॅम्पबेल नावाचे सामाजिक मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकातच म्हणून गेले, की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होतो. त्यांनी इशारा म्हणून सांगितलं होतं, तुम्ही कृती म्हणून वाचा.

कुणी फारच मागे लागलं, तर म्हणा, 'संशोधकांतच एकमत नाही.' हे खरंही आहे. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये एकास एक शिकवणीचा जो अचाट परिणाम सांगितला, तेवढा नंतरच्या मोठ्या अभ्यासांत दिसला नाही. परिणाम दिसला, पण बराच लहान. 'तेवढा नाही' वरून 'मुळीच नाही' पर्यंतची उडी सभेत कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि शेवटचा धोका म्हणजे एखादा तरुण शिक्षक. तो हे सगळं वाचून, छापील कागद घेऊन तुमच्या दालनात येईल. त्याच्यावर रागावू नका. त्याची सर्वांसमोर पाठ थोपटा, त्याला 'गुणवत्ता विकास समिती'चा प्रमुख नेमा आणि दर आठवड्याला तीन प्रतींत अहवाल मागा. महिन्याभरात त्याला वर्गावर जायला वेळ उरणार नाही. त्याच्या तासांना बदली शिक्षक पाठवा, आणि पोरांना सांगा, तोवर धडा चार वेळा वाचा.