घरचं आहे म्हणून टिकत नाही

उन्हाळा तोंडावर आला की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचं सार असं: घरी केलेलं कधी बिघडत नाही. द्राक्षं गच्चीत पसरा, आठवड्यात सोनेरी बेदाणा तयार. लोणच्यात मीठ कमी घाला, घरचं आहे, वर्षभर टिकेल. पितळेच्या पातेल्यात काहीही शिजवा, कल्हई ही फुकटची भीती. कुंडीत चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं टाकली की खत नको. आणि जुनं यंत्र कुठलंही असो, घरीच उघडून दुरुस्त करा.

या सगळ्या उद्योगांचा मला नाद आहे, म्हणूनच हा मजकूर जास्त खटकतो. वाळवण टिकतं ते त्यातलं पाणी गेल्यामुळे. लोणचं टिकतं ते मीठ, तेल आणि आंबटपणामुळे. ते कुणाच्या हातचं आहे हे बुरशीला कळत नाही.

आधी बेदाणा, कारण निफाड-दिंडोरीचा माल हातगाडीवर स्वस्त झाला की मोह होतोच. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतलं पाणी सहजी सोडत नाही. म्हणून बेदाणा करणारे शेतकरी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, मग शेडमध्ये सावलीत जाळ्यांवर सुकवतात. एवढं करूनही पंधरवडा लागू शकतो. पिवळाधमक रंग हवा तर गंधकाची धुरी द्यावी लागते. काहीच न करता थेट उन्हात टाकलेली थॉमसन जातीची द्राक्षं तपकिरीच होणार, आणि त्यांना दोन-तीन आठवडे सहज लागणार. तपकिरी बेदाण्यात वाईट काही नाही, चवीला मला तोच आवडतो. पण मजकुरावर विश्वास ठेवून आठव्या दिवशी वरून सुकलेला, आतून ओला माल डब्यात भरलात तर बुरशी ठरलेली. घरी करायचंच तर मणी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढा. सालीला बारीक तडे जातात आणि वाळणं लवकर होतं. वर मलमल टाका, रात्री ताटं आत घ्या. द्राक्षं मात्र पुरती गोड झालेली हवीत, पाणचट मालाची नुसती आंबट साल उरते. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, तेव्हा 'फुकटात होतं' हेही सोडून द्या.

लोणच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं म्हणणाऱ्यांनी मिठाकडे बघावं, तेच प्रिझर्व्हेटिव्ह आहे. कैरी स्वतः आंबट असल्यामुळे थोडंफार सांभाळून घेते, तरी मीठ कमी केलंत तर बरणी फ्रिजमध्येच हवी. खरी काळजी लसणाची. लसूण आंबट नाही आणि तेलाखाली हवा नाही. सामू (pH) ४.६ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी, हवा बंद आणि ओट्यावरची ऊब, एवढ्यावर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. ते वासावरून ओळखू येईलच असं नाही. नुसत्या तेलात बुडवलेल्या कच्च्या पाकळ्या बाहेर ठेवायच्याच नसतात.

कल्हईबद्दलचा दावा सगळ्यात चुकीचा. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांतलं आम्ल पितळेतलं तांबं विरघळवतं. पितळेत ताक कळकतं हे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि कळकलेलं खाल्लं की मळमळ, उलट्या होतात. भांडी बाजारातून हौसेनं आणलेलं किंवा माळ्यावरून काढलेलं पातेलं आधी आतून बघा: तांबूस-पिवळी धातू दिसत असेल तर ते कल्हईला द्या. भांडं तापवून, नवसागरानं साफ करून त्यावर कथील फिरवतात. कथील शुद्ध आहे ना, हे कल्हईवाल्याला विचारा, त्यात शिशाची भेसळ नको. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका आणि काथ्यानं खसाखसा घासूही नका. तांब्याच्या कळशीत नुसतं पाणी ठेवायला मात्र कल्हई लागत नाही.

टरफलांचं थोडक्यात: अख्खी टाकली तर ती मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात. शिवाय आपल्याकडची काळी माती बहुधा चुनखडीची, तिला कॅल्शियमची ददात नसते. चोथा धुऊन टाका, साखर राहिली तर मुंग्या येतील. शेणखत नाहीतर गांडूळखत लागेलच.

राहिली यंत्रं. मिक्सरचे कार्बन ब्रश किंवा कपलर, पंख्याचा कपॅसिटर, इस्त्रीची वायर हे घरी बदलता येतं, प्लग काढून आणि पंख्यासाठी मेन स्विच बंद करून. मायक्रोवेव्ह मात्र उघडू नका. त्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीव घेण्याइतका भार धरून राहू शकतो. पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीचंही तेच. तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर निदान यंत्रांची ओळ खोडून पाठवा.