पुनरुत्थानानंतर लगेच वर्गणी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस उत्तर दिलं नाही. 'आमची आशा इथल्या गोष्टींवर नाही, सार्वकालिक जीवनावर आहे' असं मी ख्रिस्ती माणूस म्हणून लिहिलं होतं; सार्वकालिक म्हणजे मरणापलीकडचं, न संपणारं. तुमचं म्हणणं असं, की वर मिळणार आहे म्हणून खालचं सोसा, हे गरिबाला गप्प बसवायचं जुनं औषध आहे. आणि सांगणारे स्वतः एफडी, मेडिक्लेम, फ्लॅट सगळं बाळगून असतात.

आधी दुसरं घेतो. हो, माझी एफडी आहे. मेडिक्लेमचा हप्ता चुकला तर मला झोप लागत नाही, प्रार्थना चुकली तर लागते. लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी साक्षीची वेळ असते; देवाने आपल्यासाठी काय केलं ते लोक उठून सांगतात. अलीकडे ऐकलेल्या साक्षी आठवून बघितल्या: लोन पास झालं, मुलाचा व्हिसा आला, प्लॉटचा वाद मिटला. सगळ्या आनंदाच्याच गोष्टी, पण सार्वकालिक जीवनाबद्दल एकही नाही. आम्ही आभाळाकडे बघत बसतो असं तुम्ही म्हणता. बसलो असतो तर बरंच झालं असतं हो, आमचेही डोळे सातबाऱ्यावरच असतात.

आता पहिला आरोप. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर आणि जंग लागते. कसर या शब्दाशी मी अडतो, कारण ती मी पाहिली आहे. आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास, आणि तळाशी लग्नातलं जरीचं लुगडं. काकूने ते उजेडाला धरलं, तर घडीघडीवर चाळणी झालेली. आजी ते आयुष्यात दोनदा नेसली होती. मुलीच्या लग्नातही दिलं नाही, खराब होईल म्हणून. कापडाला किंमत नाही असं येशू म्हणतच नाही. मूठ सोडा, एवढंच म्हणतो. आणि पुढे काही आहे अशी खात्री असल्याशिवाय मूठ सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय तुम्ही एकदा सलग वाचा. पत्र प्रेषित पौलाचं, करिंथ शहरातल्या मंडळीला. ५८ ओव्या, विषय मेलेल्यांचं पुनरुत्थान. 'अरे मरणा, तुझा विजय कोठे?' इथपर्यंत पौल चढत जातो आणि शेवटच्या ओवीत म्हणतो, म्हणून कामात वाढत जा, तुमचे श्रम फुकट नाहीत. काम सोडा असं नाही, वाढवा. त्याच्या लगेच पुढची ओळ काय आहे? यरुशलेममधल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी! दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे थोडे पैसे बाजूला काढा म्हणतो. अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. पौलाने पत्र सांगितलं तेव्हा पुनरुत्थान आणि वर्गणी यांच्यामध्ये रेघ नव्हती. ती आम्ही मारली.

रेघ न मारलेलं माणूस दाखवा म्हणाल, तर पंडिता रमाबाई. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेलेली. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, मुलींच्या हाती छापखाना दिला, आणि हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. संस्थेचं नाव त्यांनी मुक्ती ठेवलं होतं. त्या मुक्तीत भाकरीही धरलेली होती.

तरी तुमचा आरोप मी झटकून टाकत नाही. अमेरिकेतल्या गुलामांना मालकांनी नेमकी हीच आशा ऐकवली, त्यांनी शेतात गप्प राबावं म्हणून. आणि एवढं लांब जायलाही नको.

काही वर्षांपूर्वी मंडळीतले एक गृहस्थ अचानक गेले. मी त्यांच्या घरी बायबल घेऊन गेलो, रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय वाचला, देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळं मिळून कल्याणकारकच होतं, वगैरे. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, पेन्शनचा फॉर्म इंग्रजीत आहे. भरून देता का?"

मी म्हटलं, उद्या येतो. गेलो ते अकराव्या दिवशी. फॉर्म तोवर शेजारच्या मास्तरांनी भरून, झेरॉक्स काढून, स्वतः नेऊन दिला होता. मास्तर तुमच्यासारखेच, कुठल्याच देवाला मानत नाहीत. वहिनींनी मला चहा दिला आणि फॉर्मचं नावही काढलं नाही.