आमच्या गल्लीतला काळा झेंडा

आपल्याकडे काळा झेंडा म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? मंत्र्यांचा ताफा, रस्त्याकडेला दहावीस कार्यकर्ते आणि बाजूला पोलिसांची व्हॅन. त्यामुळे सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही कॉर्नवॉलला, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला आलो, तेव्हा नेमका मार्चचा पहिला आठवडा होता, आणि बघते तर बेकरीवर, पबवर, चर्चवर, गाड्यांच्या खिडक्यांत सगळीकडे काळे झेंडे. नवऱ्याला म्हटलं, अरे कोणाचा निषेध चाललाय, का कोणी गेलंय? तो म्हणाला मला काय माहीत, आधी सामान उतरव.

कोणी गेलं नव्हतं. 5 मार्च म्हणजे इथला सेंट पिरनचा दिवस. काळ्या कापडावर पांढरा क्रॉस, बस एवढाच हा झेंडा, ना सिंह ना ड्रॅगन. लहान पोरंसुद्धा शाळेतून काळे-पांढरे-सोनेरी कपडे घालून मिरवणुकीत निघतात. मला पहिल्या वर्षी तो सुतकी वाटला, आता इंग्लंडचा पांढऱ्यावरचा लाल क्रॉस बघितला की तोच परका वाटतो, काय करणार.

पिरनची गोष्ट ऐका, मजेशीर आहे. आयर्लंडमधल्या लोकांनी या बाबाला जात्याच्या दगडाला बांधून समुद्रात ढकललं, तर दगड बुडायच्या ऐवजी तरंगायला लागला आणि बाबा तरंगत तरंगत थेट कॉर्नवॉलच्या किनाऱ्याला, आज जिथे पेरनपोर्थ आहे तिथे. (तुकोबांची गाथा आठवली ना? मलापण.) मग एक दिवस त्याने चूल पेटवली आणि चुलीच्या काळ्या दगडातून पांढरी धातू पाझरायला लागली. ती कथील. म्हणून तो कथलाच्या खाणकामगारांचा संत. बाबा सोवळा वगैरे अजिबात नव्हता हां, जास्त झालेल्या माणसाला इथे 'पेरनवाल्यासारखा प्यायलाय' (पेरन म्हणजे पिरनच) म्हणायची जुनी पद्धत आहे आणि तो स्वतःही म्हणे पिऊन विहिरीत पडूनच गेला.

तर काळं म्हणजे खनिज आणि पांढरं म्हणजे त्यातून निघालेलं कथील. मला हे फार आवडतं. झेंड्यावर बाकी लोक राजा काढतात, तलवार काढतात, इथे भट्टीत जे घडतं ते काढलंय.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी ही एवढी मोठी पोस्ट लिहायला बसले. कामावरची माझी एक मैत्रीण टेमर नदीपलीकडची आहे, म्हणजे शेजारच्या डेव्हन परगण्यातली. परवा चहाच्या वेळी स्कोनवर (चहासोबत खातात तो छोटा गोडसर पाव) आधी क्रीम का आधी जॅम हे भांडण झालं (इथे आधी जॅम, विषय संपला), आणि तिथून गाडी झेंड्यावर आली. ती म्हणते हा झेंडा काही प्राचीन वगैरे नाही, एकोणिसाव्या शतकातलं फॅड आहे.

आता यात तथ्य आहे, नाही असं नाही. या झेंड्याचं पहिलं लेखी वर्णन मिळतं ते 1838 मधलं. डेव्हिस गिल्बर्ट म्हणून इथलाच माणूस, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष होऊन गेलेला, त्याने कॉर्नवॉलच्या इतिहासात लिहून ठेवलंय की काळ्यावर पांढरा क्रॉस हे पूर्वी पिरनचं आणि कॉर्नवॉलचं निशाण होतं. 'पूर्वी' म्हणजे कधी, ते नाही सांगितलं. मग 1888 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या स्मरणार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली, वाफेच्या इंजिनवाला ट्रेव्हिथिक, तोही इथलाच. त्या खिडकीत पिरनच्या हातात हे निशाण आहे आणि पिरनचा चेहरा म्हणे ट्रेव्हिथिकचाच वाटतो. म्हणजे संताला इंजिनियरचं तोंड लावलं, यांचं सगळं खाणीपाशीच येऊन थांबतं.

तर मी तिला म्हटलं, बरं, 1838 तर 1838. पण बाई तुझ्या डेव्हनचा तो हिरवा झेंडा? तो तर 2003 सालचा, लोकांची मतं मागवून ठरवलेला! ती हसली आणि तिने माझ्यासमोर मुद्दाम स्कोनला आधी क्रीम लावलं.

जुना असला तरच झेंडा खरा, हे मला पटतच नाही. जुनीच निशाणं हवीत तर इथे आहेत की. डचीचं, म्हणजे ड्यूक ऑफ कॉर्नवॉलच्या जहागिरीचं, काळ्या ढालीवर पंधरा सोन्याची नाणी, वरून खाली पाच, चार, तीन, दोन, एक. ड्यूकला धर्मयुद्धात पकडलं आणि लोकांनी नाणी जमवून सोडवला अशी दंतकथा सांगतात. जहागीर 1337 ची, मालक गादीचा वारस असलेला थोरला मुलगा, 2022 पासून विल्यम. आणि गंमत म्हणजे डचीची सगळ्यात जास्त जमीन कॉर्नवॉलमध्ये नाहीच, डेव्हनमध्ये आहे. नाणी इथे कौन्सिलच्या चिन्हावर आहेत, रग्बीच्या जर्सीत तो काळा-सोनेरी रंग आहे, पण घरावर कोणी पंधरा नाणी फडकवताना मी तरी बघितलं नाही. ते मालकाचं आहे. क्रॉसवाला झेंडा कोणी दिलेला नाही, लोकांनी उचलला आणि लावला.

अजून एक निशाण मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं. 1415 च्या इंग्लंड-फ्रान्समधल्या आजिंकूरच्या लढाईत कॉर्निश, म्हणजे कॉर्नवॉलच्या, तुकडीच्या निशाणावर दोन पैलवान, एकमेकांना डाव टाकताना. हे लिहिलंय एका इंग्रज कवीने, लढाईनंतर दोनशे वर्षांनी, त्यामुळे पुरावा म्हणून धरू नका. पण मी सांगलीची, कुस्तीचं निशाण म्हटल्यावर मी कशाला पुरावा मागू. इथली कुस्ती जाड कापडाचं जॅकेट घालून खेळतात आणि पकड त्या जॅकेटलाच धरायची, आमच्या बाबांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, मातीत उतरवा म्हणावं.

सरकारचं मात्र विचित्र आहे. 2014 मध्ये कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, वेल्श आणि स्कॉटिश लोकांच्या बरोबरीने. पण गाडीच्या नंबर प्लेटवर झेंडा लावायचा तर युनियन जॅक, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स एवढेच चालतात, हा नाही. म्हणून लोक प्लेट सोडून डिकीवर कुठेही चिकटवतात. आमच्या गाडीवर पण आहे, नवरा म्हणतो आपला काय संबंध, म्हटलं टॅक्स भरतो ना इथे.

टुरिस्ट लोक हा झेंडा छापलेले कप, टॉवेल, स्टिकर घेऊन जातात त्याचं मला काहीच वाटत नाही, घ्या की. मला खुपतात ती समुद्राकडची घरं. उन्हाळ्यात चार आठवडे लाइट दिसतो, बाकी वर्षभर पडदे ओढलेले, आणि दारात मात्र खांबावर टकाटक पिरनचा झेंडा. इथल्या पोरांना त्या गावात भाड्याने खोली परवडत नाही. सेंट आइव्हजला 2016 मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की नवीन बांधलेलं घर सेकंड होम म्हणून विकायचं नाही, 80 टक्क्यांहून जास्त लोक बाजूने. घर यांना परत मिळेल न मिळेल, पण निदान झेंडा तरी त्या बंद दारावरून काढा ना राव.

आमच्या शेजारचे आजोबा साउथ क्रॉफ्टीच्या खाणीत होते, मार्च 1998 मध्ये ती बंद होईपर्यंत. इथली शेवटची कथलाची खाण. सगळ्यांना 'माय लव्हर' म्हणतात, पहिल्यांदा मला म्हणाले तेव्हा मी घरात पळाले होते, इथे ते आपल्या 'काय बाई'सारखं आहे हे नंतर कळलं. मी इंडियाची म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कोलार? इथले खाणकामगार कोलारच्या सोन्याच्या खाणीत जायचे, यांच्या आजोबांचा भाऊ पण त्यातलाच.

त्यांच्या अंगणात खांब आहे. अटलांटिकचा वारा असा की झेंड्याची उडणारी कड दोन-तीन महिन्यांत उसवून दोरे लोंबायला लागतात, आणि उन्हाने काळा रंग विटून गंजासारखा तांबूस होतो. या फेब्रुवारीत ते झेंडा पिशवीत घालून घेऊन आले, तुझ्याकडे मशीन आहे ना म्हणून. मी म्हटलं नवा घ्या, दहा-बारा पौंडांना मिळतो. नको म्हणाले. मग मी कड दोन बोटं कापली, आत दुमडली आणि दुहेरी शिवण मारली. काळा दोरा संपला होता म्हणून शेवटचं वीतभर गडद निळ्याने शिवलं, म्हटलं लांबून कोणाला दिसतंय.

त्यांना दिसलं. चष्मा वर करून कडेवरून बोट फिरवत नेलं, निळ्यापाशी थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता घडी घालून काखेत मारला. 5 तारखेला सकाळी खांबावर तोच होता.