शोधाचं नंतर बघू

तुमचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, कोणीतरी वाचेल ही आशा आधी सोडा. ती सुटली की पुढचं सगळं सोपं आहे. वाचायला वेळ लागतो, विषय यावा लागतो, आणि वाचून झाल्यावर मत द्यावं लागतं. मत दिलं की वाद आला. त्यापेक्षा आकडा बरा. विषयाचा गंध नसलेल्यालाही तो कळतो. किंबहुना त्यालाच जास्त कळतो.

जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर तेवढा बघा. जर्नलने मागच्या दोन वर्षांत जे पेपर छापले, त्यांना यंदा सरासरी किती संदर्भ मिळाले, म्हणजे इतर पेपरांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, एवढाच तो भागाकार. यूजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकात हे माप आणलं ते जर्नलं निवडायला. पुढे त्यानेच माणसंही निवडली जाऊ लागली. फूटपट्टीने ताप बघण्यातला प्रकार, पण कोणाला तक्रार नाही.

सरासरीची मजा बघा. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ए’ विभागाने २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा एक लेख छापला. स्फटिकांची रचना उलगडणारे त्यांचे संगणक-प्रोग्राम जगभर वापरात होते, आणि वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा लेख द्यायला हरकत नाही, असं त्यातच सुचवलेलं होतं. दोनच्या आसपास रेंगाळणारा त्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००९ सालासाठी थेट ४९.९२६ वर गेला. त्या अंकांतल्या बाकीच्या लेखकांनी यासाठी काय केलं होतं? शेजारी बसले होते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. तुम्हीही गाडा बघून बसा.

आता एच-इंडेक्स, म्हणजे जर्नलचा नव्हे, तुमचा स्वतःचा आकडा. हे काम मात्र मन लावून करायचं. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सुचवलेला हा आकडा: किमान दहा संदर्भ मिळालेले दहा पेपर असतील तर तुम्ही दहा. आयुष्यात एकच पेपर लिहिलात आणि तो हजार जणांनी उद्धृत केला, तर तुम्ही एक. तेव्हा असला वेडेपणा करू नका.

रात्री निवांत झालात की लॅपटॉपवर स्वतःचं प्रोफाइल लावा आणि यादीवरून बोट फिरवा. पहिल्या पेपरला दोनशे संदर्भ आहेत. त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका, त्याचं पोट भरलंय. खाली या. आठव्याला दहा, नवव्याला दहा, दहाव्यालाही दहा, अकराव्याला नऊ. म्हणजे दहाचे अकरा व्हायला फक्त पाच संदर्भ कमी पडताहेत! पुढच्या पेपरच्या प्रस्तावनेत चौघांनाही घुसवा, आणि अकराव्याला त्याच्या पुढच्या पेपरात आणखी एकदा. विषय जुळत नाही? ‘यासंदर्भात हेही पाहावे’ या वाक्यात काहीही मावतं. बेअरिंगच्या झिजेवरच्या पेपरात मी माझाच ध्वनिप्रदूषणावरचा पेपर बसवलाय. दुवा काय, तर झिजलेलं बेअरिंग आवाज करतं. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने हरकत घेतली नाही. उलट त्याने स्वतःचे तीन पेपर सुचवले. तेही घातले. अहो रूपम्, अहो ध्वनिः.

एका पेपरच्या ऐवजाचे चार पेपर पाडायचे, हे तुम्हाला गाईडने शिकवलं असेलच.

सहलेखकांच्या बाबतीत फार चोखंदळ राहू नका. जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे ‘आम्ही’ टाइप केलं होतं. एकट्या लेखकाचं ‘आम्ही’ चालणार नाही असं कळल्यावर, पुन्हा टाइप करत बसण्यापेक्षा त्यांनी घरच्या मांजराला सहलेखक केलं. एफ. डी. सी. विलार्ड या भारदस्त नावाने ते १९७५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आलं. आणि मुळात जन्माला येण्याचीही अट नाही. २०१० मध्ये सिरिल लाबे या संगणकशास्त्रज्ञांनी आइक अँटकेअर नावाचा संशोधक रचला. संगणकाने जुळवलेले निरर्थक पेपर एकमेकांचे संदर्भ देत, पेपर शोधून त्यांचे संदर्भ मोजणाऱ्या गुगल स्कॉलरच्या वाटेत ठेवले, आणि या नसलेल्या माणसाचा एच-इंडेक्स झाला ९४. तुमच्या गाईडचा किती आहे ते विचारू नका, पीएचडी अडेल.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाची किंमत करू नका, असं सांगणारा एक जाहीरनामाही आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या २०१२ च्या एका बैठकीतून निघालेला. त्यावर अवश्य सही करा, आणि सही केल्याचं वार्षिक अहवालात नोंदवा. कोणी सांगावं, त्याचेही गुण मिळतील.

राहता राहिली मुलाखत. तिची काळजी करू नका. मी एका निवड समितीत बसलो होतो. टेबलावर पाच फायली. सगळ्यांनी त्या मागून उघडल्या, कारण गुणांची बेरीज शेवटच्या पानावर असते. एका उमेदवार बाईंचे जेमतेम तीन पेपर. त्यांनी त्यातल्या एकाची छापील प्रत आणली होती. ती हलकेच आमच्यापुढे सरकवली. अध्यक्षांनी मान डोलावली आणि पाण्याचा ग्लास तिच्यावर ठेवला, टेबलाला डाग नको म्हणून.

सगळे गेल्यावर ती प्रत मी उचलली. ओलं वर्तुळ टाळून दोन पानं वाचली. पेपर चांगला होता. पुढच्या लेखात याचा संदर्भ द्यावा असं मनात आलंही. पण त्याने माझं काय वाढणार होतं?